पिशवी काढल्यानंतरचा खोकला: तपासणी कुठे, कागद कोणते, पैसे किती

घरातल्या बाईचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालेलं आहे. किंवा मागच्या वर्षा-दोन वर्षांत गर्भपात, द्राक्षगर्भ, बाळंतपण झालं आहे. आणि आता दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे, थुंकीत रक्त दिसतं, चार पावलं चाललं की दम लागतो. अशा घरासाठी हा मजकूर आहे. गर्भपिशवीचे काही विरळ कॅन्सर रक्तावाटे थेट फुफ्फुसात जातात. कधीकधी पोट दुखत नाही, अंगावरून काही जात नाही, पहिली खूण छातीतच दिसते.

धाराशिव जिल्ह्यातल्या ईट, भूम, वाशी या पट्ट्यात अशा खोकल्याला आधी टीबी समजतात. त्यात चूक नाही, टीबी कितीतरी जास्त आढळतो. थुंकीची तपासणी आधी कराच. ईटच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नमुना द्या. ती तपासणी फुकट आहे आणि टीबी निघाला तर औषधंही फुकट आहेत. नुकसान होतं ते पुढच्या टप्प्यावर. थुंकीत काही सापडत नाही, तरी ‘करून बघू’ म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि महिने निघून जातात. पिशवीचं ऑपरेशन झालंय हे डॉक्टर विचारत नाहीत आणि तुम्हीही सांगत नाही, कारण खोकल्याशी त्याचा संबंध आहे हे कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून केसपेपर निघाल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा: पिशवी कधी काढली, कुठे काढली, किंवा शेवटचा गर्भ कधी राहिला आणि त्याचं काय झालं.

पहिला कागद: काढलेल्या पिशवीचा रिपोर्ट

ऑपरेशनमध्ये काढलेली पिशवी पॅथॉलॉजी लॅबमध्ये पाठवून तपासायची असते. या तपासणीला हिस्टोपॅथॉलॉजी म्हणतात, बोलीत ‘बायोप्सीचा रिपोर्ट’. खासगीत याचे साधारण आठशे ते अडीच हजार रुपये लागतात आणि रिपोर्टला आठ-दहा दिवस जातात. अनेक लहान दवाखान्यांत ‘पॅकेज’मध्ये ही तपासणी नसते. पिशवी ट्रेमध्ये ठेवून नातेवाइकांना दाखवतात, ‘बघा, खराब झाली होती’ म्हणतात आणि टाकून देतात. डोळ्यांनी बघून कॅन्सर आहे की नाही हे कुणालाही सांगता येत नाही. ज्याला फायब्रॉइडची साधी गाठ समजून काढलं, त्यातच क्वचित स्नायूचा कॅन्सर, म्हणजे लायोमायोसार्कोमा, दडलेला असतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१४ मध्ये आकडा दिला होता: फायब्रॉइड समजून ऑपरेशन झालेल्या साडेतीनशे बायकांमागे सुमारे एकीत असा लपलेला सार्कोमा. इतर अभ्यासांत हे प्रमाण याहून कमी आहे. तरीही ज्या भागात पिशवी काढण्याची ऑपरेशनं हजारांनी झाली, तिथे हा कागद क्षुल्लक नाही.

ती किती झाली, ते शेजारच्या बीड जिल्ह्यात मोजलं गेलं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी ऊसतोड महिलांची पाहणी झाली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. भूम-वाशीतूनही टोळ्या कारखान्यांना जातात. ‘कोयत्या’वर, म्हणजे ऊसतोडीला, जाणाऱ्या बाईला पाळीचा त्रास म्हणजे बुडालेली मजुरी, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर असते. त्यातून घाईने निर्णय होतात. ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलं त्यांनी आता एवढंच करायचं: तो रिपोर्ट शोधायचा.

रिपोर्ट घरात नसेल तर ऑपरेशन झालेल्या दवाखान्यात लेखी अर्ज द्या. त्यात रुग्णाचं नाव, ऑपरेशनची अंदाजे तारीख, मोबाइल नंबर लिहा आणि मागा: डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट आणि लॅबचं नाव. डॉक्टरांच्या वर्तनाचे २००२ चे नियम सांगतात की रुग्णाने कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे. तेच नियम डॉक्टरांवर रेकॉर्ड तीन वर्षं ठेवण्याचं बंधन घालतात. ऑपरेशनला त्याहून जास्त काळ झाला असेल तरी लॅबकडे विचारा. पिशवीचे छोटे तुकडे मेणात बसवलेले असतात, त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात, आणि बऱ्याच लॅब ते वर्षानुवर्षं जपून ठेवतात. ब्लॉक मिळाला तर निम्मी लढाई झाली. छातीतून पुन्हा तुकडा काढायची वेळ कधीकधी त्यामुळे टळते.

ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे त्यांनी दोन गोष्टी आधी लेखी ठरवून घ्या. एक, पिशवी तपासायला जाणार आणि रिपोर्टची प्रत आम्हाला मिळणार. दोन, दुर्बिणीतून ऑपरेशन असेल तर पिशवी किंवा गाठ पोटात मशीनने तुकडे करून काढणार आहात का, हे विचारा. गाठीत सार्कोमा लपलेला असेल तर त्या तुकड्यांबरोबर तो पोटभर पसरू शकतो. वर सांगितलेला २०१४ चा इशारा याच मशीनबद्दल होता. तुकडे करणं टाळता येत नसेल तर ते बंद थैलीत करणार का, हेही विचारा. पोटावरचा टाका लहान की मोठा हा विचार त्यानंतरचा.

एक गैरसमज इथेच दूर करते. धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून टाटा मेमोरिअल सेंटर आणि बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरिअल कॅन्सर हॉस्पिटलने सव्वा लाखाहून जास्त बायकांचा मोठा अभ्यास केला. गावोगाव तपासण्या झाल्या, त्यामुळे घरातली मोठी बाई म्हणते, ‘माझी तपासणी झालीय, सगळं नॉर्मल होतं.’ ती तपासणी गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी होती. पिशवीच्या स्नायूतला किंवा वारेच्या पेशींचा कॅन्सर पॅप स्मिअरमध्ये किंवा एचपीव्ही तपासणीत सापडेल असं समजू नका.

पन्नास रुपयांची तपासणी आधी, पंधरा हजारांची नंतर

बाई मूल होण्याच्या वयातली असेल, तर सगळ्यात आधी रक्तातली बीटा एचसीजी तपासणी करून घ्या. गर्भ राहिल्यावर वाढणारं हे संप्रेरक. द्राक्षगर्भानंतर, गर्भपातानंतर, क्वचित साध्या बाळंतपणानंतरही वारेच्या पेशींचा कॅन्सर होतो. त्याला कोरिओकार्सिनोमा किंवा जीटीएन म्हणतात. तो सर्वांत आधी फुफ्फुसात जातो आणि त्यात बीटा एचसीजी वाढलेलं असतं. खासगी लॅबमध्ये पाचशे ते हजार रुपये, रिपोर्ट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. तेवढेही आज नसतील तर आशाताईंकडे गरोदरपण तपासायचं निश्चय किट फुकट मिळतं, दुकानात तसं किट पन्नास-साठ रुपयांना. पोटात गर्भ नाही आणि पट्टीवर दोन रेघा आल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पट्टीवर एकच रेघ आली म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, रक्ताची तपासणी कराच.

ही तपासणी आधी का, याचं कारण जिवाशी आहे. कोरिओकार्सिनोमाच्या गाठी रक्ताने भरलेल्या असतात. छातीत सुई घालून तुकडा काढायला गेलं तर जोराचा रक्तस्राव होऊ शकतो. आणि तुकड्याची गरजही बहुतेक वेळा नसते. बीटा एचसीजीचे आकडे आणि स्कॅन यांवरच निदान होतं. म्हणून कुणी ‘उद्या छातीची बायोप्सी करू’ म्हणालं आणि तुमच्या फाइलमध्ये बीटा एचसीजीचा कागद नसेल, तर थांबा आणि विचारा.

यानंतर छातीचा एक्स-रे. भूमच्या सरकारी रुग्णालयात तो फुकट होतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसह तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना हा नियम लागू नाही, तिथे ठरलेले कमी दर भरावे लागतात. बाहेर एक्स-रेला तीनशे ते पाचशे.

एक्स-रेवर गोल डाग दिसले की सीटी स्कॅन सांगतात. पैसे दोनदा जातात ते इथे. आधी छातीचा एचआरसीटी, मग आठवड्याने कॅन्सरचे डॉक्टर म्हणतात, छाती-पोट-ओटीपोट असा डाय घालून सीटी हवा. पहिल्याला तीन-चार हजार, दुसऱ्याला आठ ते बारा हजार. एक्स-रेवर शंका आली असेल आणि पिशवीचा इतिहास असेल, तर सीटी करण्याआधी कॅन्सर रुग्णालयाच्या ओपीडीत जा आणि कोणता सीटी हवा ते कागदावर लिहून घ्या. डायच्या आधी क्रिएटिनिनची रक्ततपासणी लागते, शंभर-दोनशे रुपये. ती करून गेलात तर एक हेलपाटा वाचतो. सेंटर सोडताना फिल्मबरोबर सीडी किंवा पेनड्राइव्ह मागा. मोठ्या रुग्णालयात फिल्म बघून निर्णय घेत नाहीत, मूळ चित्रं संगणकावर बघतात. सीडी नसेल तर स्कॅन पुन्हा.

पेट-सीटी दहा ते पंचवीस हजारांचा. तो स्वतःहून, कुणाच्या ओळखीने किंवा सेंटरवाल्याच्या ‘डिस्काउंट’वर करू नका. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितला तरच. सहा आठवड्यांपूर्वीचा पेट दाखवला तर तो जुना म्हणून पुन्हा सांगितला जातो.

पिशवीचा ब्लॉक किंवा छातीतला तुकडा हाती आला की त्यावर आयएचसी नावाची रंगतपासणी होते. कोणत्या जातीचा कॅन्सर, हे तिच्यावरून ठरतं. दर प्रत्येक ‘मार्कर’मागे असतो, त्यामुळे बिल चार हजार ते दहा हजारांपर्यंत जातं आणि रिपोर्टला आणखी आठवडा. मार्करांची यादी डॉक्टरांकडून घेऊन मगच लॅबला पैसे भरा. लॅबला ‘सगळं करा’ म्हणू नका.

जात कोणती त्यावर खर्च ठरतो

‘फुफ्फुसात गेलंय’ हे ऐकून अनेक घरांत उपचार तिथेच सोडतात. या आजारात ते सगळ्यात मोठं नुकसान. जाती चार, आणि चारींचं भवितव्य वेगळं.

जीटीएन फुफ्फुसात गेलेला असला तरी बरा होतो. कमी धोक्याच्या गटातल्या जवळपास सगळ्या बायका बऱ्या होतात, जास्त धोक्याच्या गटातल्याही बहुतेक. डॉक्टर शेवटचा गर्भ, बीटा एचसीजी, गाठींची संख्या अशा बाबींना गुण देतात. सहापर्यंत गुण असतील तर मेथोट्रेक्सेट किंवा ॲक्टिनोमायसिन डी यांपैकी एकच औषध. सात किंवा जास्त असतील तर अनेक औषधं एकत्र. मेथोट्रेक्सेट जुनं, सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीतलं आणि स्वस्त आहे. खर्च औषधापेक्षा फेऱ्यांचा: दर आठवड्याला बीटा एचसीजी, आकडा नॉर्मल झाल्यावरही काही कोर्स, मग वर्षभर दर महिन्याला तपासणी. तेवढा काळ गर्भ राहू द्यायचा नाही. ‘आकडा उतरला, आता बरं वाटतंय’ म्हणून मध्येच सोडलेला उपचार पुन्हा पहिल्यापासून आणि जास्त कडक करावा लागतो. बीटा एचसीजी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. लॅब बदलली की आकडे ताडून बघता येत नाहीत.

लायोमायोसार्कोमा अवघड. फुफ्फुसात एक-दोनच गाठी असतील आणि पिशवी काढून बराच काळ गेला असेल, तर त्या ऑपरेशनने काढता येतात का, हे छातीच्या कॅन्सर सर्जनला विचारा. गाठी जास्त असतील तर केमो, डॉक्सोरुबिसिन किंवा जेमसिटाबिन-डोसिटॅक्सेल. ही औषधं जेनेरिक मिळतात. पुढच्या टप्प्यातली काही औषधं फार महाग आहेत. ती सुरू करण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा: यातून किती महिने मिळतील, आणि महिन्याचा खर्च किती? असा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. जमीन विकायची की नाही हे त्या उत्तरावर ठरणार असतं.

तिसरी जात एंडोमेट्रियल स्ट्रोमल सार्कोमा. तिच्यातला कमी तीव्रतेचा प्रकार हळू वाढतो आणि पिशवी काढल्यावर दहा-पंधरा वर्षांनीही फुफ्फुसात दिसू शकतो. यात अनेकींना लेट्रोझोलसारखी रोजची एक गोळी वर्षानुवर्षं पुरते. जनऔषधी दुकानात ती स्वस्त मिळते. पाळी गेल्याच्या त्रासासाठी दिलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या अशा बाईने घेऊ नयेत. घरात चालू असतील तर डॉक्टरांना दाखवा.

आणि चौथं, ज्याला कॅन्सर म्हणता येत नाही असं: साध्या फायब्रॉइडच्या पेशी फुफ्फुसात जाऊन बसतात. स्कॅनवर हुबेहूब पसरलेल्या कॅन्सरसारखं दिसतं, वाढ मात्र मंद असते. आयएचसीचे पाच-सात हजार वाचवून थेट केमो सुरू केली तर हा फरक कळणारच नाही. हे पैसे वाचवू नका.

कुठे जायचं

ईटहून पहिलं ठिकाण बार्शी. आगळगाव रस्त्यावरचं नर्गिस दत्त मेमोरिअल कॅन्सर हॉस्पिटल. भूममार्गे एसटीने सकाळी निघालात तर संध्याकाळी परत येता. दुसरं, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, २०१२ पासून सुरू असलेलं सरकारी रुग्णालय. तिसरं, मुंबईत परळचं टाटा मेमोरिअल.

सल्ला असा: निदान आणि उपचाराचा आराखडा विरळ कॅन्सर नेहमी बघणाऱ्या मोठ्या केंद्रात एकदा ठरवून घ्या, केमो जवळ घ्या. जीटीएन आणि सार्कोमा हे रोज दिसणारे आजार नाहीत. टाटाला जाताना स्लाइड, ब्लॉक, सीटीची सीडी, जुने सगळे बीटा एचसीजीचे आकडे आणि ऑपरेशनची नोंद घेऊन जा. ते ब्लॉक पुन्हा तपासतात, त्यात आठवडा-दीड आठवडा जातो. तेवढे दिवस मुंबईत बसून राहू नका, पुढची तारीख घेऊन परत या. नोंदणी करताना जनरल की प्रायव्हेट असं विचारतात. ‘प्रायव्हेटमध्ये चांगले डॉक्टर बघतील’ या समजुतीवर प्रायव्हेट सांगू नका. उपचार ठरवणारं पथक तेच असतं, दर मात्र कितीतरी जास्त लागतात.

पाच लाखांची योजना: पैसे भरण्याआधी

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पिवळं, केशरी आणि पांढरं अशा सगळ्या रेशनकार्डांना लागू आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन त्यात येतं. यादीतल्या रुग्णालयात दाराजवळच आरोग्यमित्राची खिडकी असते. डॉक्टरांच्या आधी तिथे जा.

कागद: रेशनकार्ड मूळ आणि झेरॉक्स, रुग्णाचं आधार, फोटो, सगळे रिपोर्ट. रेशनकार्डावर बारा अंकी ऑनलाइन नंबर असला पाहिजे आणि रुग्णाचं नाव असलं पाहिजे. नव्या सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर असतं, हे अडकण्याचं नेहमीचं कारण. भूम तहसीलच्या पुरवठा शाखेत नाव चढवायला दिवस लागतात, म्हणून एक्स-रेवर शंका आली त्याच आठवड्यात ते काम हाती घ्या. तोवर माहेरच्या कार्डावर चालतं का हे आरोग्यमित्राला विचारा. आधार आणि रेशनकार्डावरच्या नावात फरक असेल तर तोही आधीच दुरुस्त करा.

नियम एकच पक्का लक्षात ठेवा. योजना कॅशलेस आहे, भरलेले पैसे परत मिळत नाहीत. पूर्वपरवानगी आल्यावरच उपचार सुरू करा. ‘आज रोख भरा, नंतर योजनेत बसवू’ असं कुणी सांगितलं तर भरू नका. प्रत्येक केमोला नवी परवानगी लागते, म्हणून पुढच्या तारखेच्या दोन दिवस आधी फोन करून परवानगी आली का ते विचारा. नाहीतर ईटहून जाऊन रिकाम्या हाताने परत याल. भरतीच्या काळातलं जेवण, औषधं, तपासण्या आणि घरी परतायचं एसटी किंवा रेल्वेचं भाडं योजनेत धरलेलं आहे. ते मागा, बहुतेक जण मागत नाहीत. डिस्चार्जनंतरच्या दहा दिवसांची देखभालही त्यात आहे.

भरती होण्याआधीच्या ओपीडीतल्या तपासण्या मात्र बऱ्याचदा खिशातून जातात. वरचे सीटीचे, आयएचसीचे आकडे म्हणूनच सांगितले. तक्रार किंवा शंका असेल तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००. फोन करताना रुग्णालयाचं नाव, तारीख आणि मागितलेली रक्कम हाताशी ठेवा.

टोळीबरोबर कर्नाटकात असाल तर राज्याची योजना तिथे सहसा उपयोगी पडत नाही. आयुष्मान कार्ड देशभर चालतं. गाव सोडण्याआधी घरातल्या सगळ्यांची नावं त्यात आहेत का ते बघून कार्ड काढून ठेवा. सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई-आईसाठी उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मानचं वेगळं कार्ड निघतं.

योजना पुरली नाही तर

मुख्यमंत्री सहाय्यता निधी. तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्न दाखला हवा, वार्षिक १ लाख ६० हजारांच्या आत. बाकी आधार, रेशनकार्ड, रिपोर्ट, रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक. खासगी रुग्णालय असेल तर त्या अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही. रुग्ण भरती असतानाच अर्ज जायला हवा, झालेला खर्च या निधीतून मिळत नाही. टोल फ्री नंबर १८०० १२३ २२११. अर्जाला पैसे लागत नाहीत. फॉर्म भरून देण्याचे दोन-तीन हजार घेणारा ‘माणूस’ भेटला तर त्याला एक रुपयाही देऊ नका.

धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखीव आहेत. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना १ लाख ८० हजार, दुर्बलांना ३ लाख ६० हजार. पुण्यातली कितीतरी मोठी, चकचकीत रुग्णालयं धर्मादाय आहेत, पाटीवर ‘चॅरिटेबल’ शब्द बघा. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा आणि खाट रिकामी नाही असं सांगितलं तर ते लिहून मागा.

टाटासारख्या प्रादेशिक कॅन्सर केंद्रात दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांसाठी केंद्राचा आरोग्यमंत्री कॅन्सर रुग्ण निधी आहे. अर्ज रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातून जातो.

घर चालवायला: संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सरचे रुग्ण बसतात. महिना १,५०० रुपये, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. अर्ज भूम तहसीलला.

बिलात न दिसणारे पैसे

केमोचा भाव विचारताना फक्त ‘एका सायकलला किती’ असं विचारू नका. डॉक्सोरुबिसिनआधी हृदयाचा टूडी एको, हजार-दोन हजार. प्रत्येक सायकलआधी रक्त, लिव्हर, किडनीच्या तपासण्या. पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शनं. हाताच्या शिरा खराब झाल्यावर छातीत बसवायचा पोर्ट. लाल पेशींची पिशवी. खासगी रक्तपेढीत तिचा ठरवलेला दर १,५५० रुपये आहे, त्याहून जास्त मागितले तर पावती मागा. हे सगळं योजनेच्या पॅकेजमध्ये धरलेलं आहे की बाहेरून आणावं लागेल, हे पहिल्या दिवशी विचारा.

औषधाच्या खोक्यावरची छापील किंमत म्हणजे खरी किंमत नव्हे. कॅन्सरच्या जेनेरिक औषधांत छापील किंमत आणि घाऊक भाव यांत मोठं अंतर असतं. २०१९ मध्ये केंद्राने ४२ कॅन्सर औषधांवरचा व्यापारी नफा तीस टक्क्यांवर आणला, बाकीची त्यात नाहीत. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, रुग्णालयाच्या मेडिकलव्यतिरिक्त दोन ठिकाणी भाव विचारा, पक्कं बिल घ्या. ‘आमच्याच मेडिकलमधून घ्या’ अशी सक्ती करता येत नाही. खासगी नर्सिंग होमने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावणं २०२१ च्या राज्याच्या नियमांनी बंधनकारक आहे.

जाणं-येणं, राहणं

एसटीत बायकांना निम्मं तिकीट, पंचाहत्तरीपुढे मोफत. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत, सोबतच्या एका माणसाला पंचाहत्तर टक्के. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला हवा आणि तिकीट खिडकीवरच काढावं लागतं. लातूर-मुंबई गाडी बार्शी टाउनला मिळते. पहिल्या फेरीला दाखला नसतो, म्हणून त्या वेळचं भाडं पूर्ण धरा. परत निघताना दाखला घेऊनच निघा.

मुंबईत लॉजवर राहू नका. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही दोन नावं लिहून ठेवा. टाटाचं कार्ड आणि समाजसेवा विभागाची चिठ्ठी लागते. जागा लगेच मिळेलच असं नाही, रांग असते. पोहोचल्या दिवशीच चिठ्ठी घ्या.

आणि गेटबाहेर, स्टेशनवर, कधी शेजारच्या खाटेवरून ‘केमो न करता मुळासकट जातं’ म्हणणारा भेटेल. पंधरा हजारांचं चूर्ण, पावती नाही. जीटीएनमध्ये बरी होऊ शकणारी बाई त्या दोन महिन्यांत हातची जाते. पूरक म्हणून काही घ्यायचंच असेल तर केमो देणाऱ्या डॉक्टरांना दाखवून घ्या. मेथोट्रेक्सेट चालू असताना साध्या वेदनाशामक गोळ्यासुद्धा विचारल्याशिवाय घ्यायच्या नसतात.

या आठवड्यात करायचं ते असं. पिशवी काढलेली बाई घरात असेल तर तिचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट शोधा, नसेल तर दवाखान्यात अर्ज देऊन पोच घ्या. रेशनकार्डावर तिचं नाव आहे का बघा. खोकला असेल तर सोमवारीच ईटच्या केंद्रात थुंकी द्या आणि भूमच्या सरकारी रुग्णालयात छातीचा एक्स-रे मागा. तरुण बाई असेल तर बीटा एचसीजीही मागा.